लाल खडू, डोके, एक नग

चित्र हरवलंय हे कॉलेजला कळलं त्या दिवशी शनिवार होता. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. प्राचार्य विजयकुमार सर, हैदराबादहून आलेल्या साक्षी मॅडम, मी, आणि चहाचे कप उचलायला आत आलेली माझी बायको करुणा. मॅडमनी टेबलावर एक जुना फोटो ठेवला. फोटोत एका बैठकीची भिंत होती आणि भिंतीवर एक चित्र होतं, पण ते पुसटच दिसत होतं. हे चित्र तुमच्या संग्रहालयात आहे ना, मला ते बघायचंय, असं त्या म्हणाल्या. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, रजिस्टर बघून सांगतो.

ते चित्र कुठं गेलं हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. एक मला आणि दुसरं करुणाला.

याला आता आठ वर्षं झाली. तेव्हा मी कळमनुरीच्या एका कॉलेजात वरिष्ठ लिपिक होतो. मूळ गाव हट्टा. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि कागदावर अंगठा उठवायचे. आमच्या घरात पेन पहिल्यांदा माझ्या हातात आलं. त्यामुळं असेल, पण रजिस्टर हा माझा फार अभिमानाचा विषय होता. अक्षर चांगलं होतं. खाडाखोड नसायची. तपासणीला येणारे एक साहेब दरवर्षी म्हणायचे, देविदास बाबूच्या रजिस्टरात चूक सापडली तर मी पेढे वाटीन. मला ते ऐकायला आवडायचं. ते म्हणायला विसरले तर मीच त्यांना पेढ्यांची आठवण करून द्यायचो.

कॉलेज विनाअनुदानित होतं तेव्हा करुणाही तिथंच रोजंदारीवर लागली. झाडणं, पाणी भरणं, चहा. पुढं मला पूर्ण पगार सुरू झाला तरी तिनं काम सोडलं नाही. संग्रहालयाची किल्ली तिच्याकडं असायची. संग्रहालय म्हणजे वाचनालयाशेजारची एक खोली. अमृतराव नावाचे डॉक्टर निजामाच्या काळात विलायतेला शिकून आले होते. म्हातारपणी त्यांनी आपल्या घरातलं सामान कॉलेजला दिलं. नाणी, दोन तलवारी, धान्य मोजायची जुनी मापं, फुटक्या मूर्ती, काही चित्रं. ही चीजवस्तू बघायला वर्षातून एकदा शाळेतली पोरं यायची. एरवी तिथं करुणाशिवाय कुणी जात नव्हतं.

त्या चित्रात एका म्हाताऱ्या बाईचं नुसतं डोकं होतं. तांबूस रेघांनी काढलेलं. करुणा त्याला म्हातारी म्हणायची. मी ते नीट कधीच बघितलं नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी फ्रेमची लांबी-रुंदी सांगितली असती.

आता चूक कशी झाली ते सांगतो. ही गोष्ट मॅडम येण्याच्या सात वर्षं आधीची. विद्यापीठाची समिती येणार होती म्हणून मी सगळी डेडस्टॉक रजिस्टरं नव्यानं लिहायला घेतली. डेडस्टॉक म्हणजे टिकणाऱ्या वस्तू. खुर्ची, कपाट, घंटा. शाई, कागद, झाडू या संपणाऱ्या वस्तू, त्या वेगळ्या रजिस्टरात. अमृतराव डॉक्टरांच्या इंग्रजी यादीचं मराठी आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी कधीतरी करून ठेवलं होतं. त्यात एक ओळ होती. डोके, लाल खडू, १ नग.

मला वाटलं, डोकं हा छाप असेल. घोडा छाप आगपेटी असते, वाघ छाप बिडी असते, तसा डोकं छाप खडू. एक नग म्हणजे एक पेटी. आणि खडू डेडस्टॉकमध्ये येतच नाही, खडू वापरला की संपतो. मी त्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारली, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वापरून संपला', आणि खाली सही केली. तपासणीच्या साहेबांनीही सही केली. नव्या रजिस्टरात ती ओळ घेतली नाही. वर दुपारच्या चहाला मी सगळ्यांना सांगितलं की आधीच्या माणसानं डेडस्टॉकमध्ये खडू चढवला होता. सगळे हसले. पुढं कितीतरी दिवस कॉलेजात कुणी काही बावळटपणा केला की त्याला म्हणायचे, तू डोकं छाप आहेस. ही गंमत मीच सुरू केली होती.

दोन वर्षांनी संग्रहालयाला रंग द्यायचा निघाला. सगळं सामान व्हरांड्यात काढलं. आत नेताना मी दारात रजिस्टर घेऊन बसलो. एकेका वस्तूवर नंबर टाकायचा आणि आत सोडायचं. चित्रांच्या यादीत सात चित्रं होती, सात आत गेली. बाहेर फुटक्या फ्रेमा, उधई लागलेला एक नकाशा आणि म्हातारी उरली. करुणा फडक्यानं हात पुसत माझ्यापाशी आली.

"म्हातारी बाहीरच राहिली की."

मी म्हणालो, चित्रांच्या यादीत ती नाही.

"चित्रांत नसंल. ती खडूनं काढल्याली हाय. खडूत बगा."

मी विचारलं, तुला काय माहीत. ती म्हणाली की एकदा काच ढिली झाली होती, बसवताना बोटाला तांबडी भुकटी लागली, फळ्याच्या खडूची लागते तशी. तेव्हापासून ती फ्रेम कधी आडवी करत नव्हती.

तिथंच मला कळलं. डोकं म्हणजे हे डोकं. लाल खडू म्हणजे हा. हे कळायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही, म्हणून मला नंतर माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

करायचं एवढंच होतं की नव्या रजिस्टरात एक ओळ लिहायची, नजरचुकीनं वगळली गेली. त्याखाली प्राचार्यांची सही घ्यायची आणि तपासणीच्या साहेबांना पत्र पाठवायचं. त्यांनी पेढे वाटले असते. डोकं छाप कोण ते सगळ्या कॉलेजाला कळलं असतं. आमच्या माणसांना नावं ठेवायला काही लोक टपलेलेच असतात, हेही माझ्या मनात आलं. ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशीचं कारण ते नव्हतं. मला नुसती लाज वाटली होती.

"राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे म्हंजी?"

"रजिस्टरात नाही ती वस्तू कॉलेजची नाही."

"मंग कुणाची हाय?"

मी तिला म्हणालो, तू झाडून घे, उशीर होऊन राहिला.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला किसनसिंग टेम्पो घेऊन आला. करुणानं सगळ्या फ्रेमा खाली रचल्या आणि म्हातारीला सगळ्यांत वर, काच वरच्या बाजूला करून ठेवलं. खाली जुनं पोतं घातलं. किसनसिंग हसला. म्हणाला, "क्या भाभी, सास है क्या तुम्हारी, इतना संभालके रख रहे?" करुणा म्हणाली, "व्हय. तुजीबी हाय. जपून ने." मी भंगाराच्या पावतीवर लिहिलं, मोडक्या फ्रेमा, सहा. मोडक्या पाचच होत्या.

तर त्या शनिवारी मी नवं रजिस्टर घेऊन केबिनमध्ये आलो. साक्षी मॅडमनी तोवर डॉक्टरांच्या इंग्रजी यादीची नक्कल टेबलावर पसरली होती. डॉक्टरांच्या नातेवाइकांकडून त्या ती घेऊन आल्या होत्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि सरांना समजावून सांगितलं की इथला खडू फळ्यावरचा नाही. तो तांबड्या दगडाचा असतो, गेरूसारखा. मोठं चित्र रंगवायच्या आधी जुने विलायती चित्रकार अशा खडूनं माणसाचं डोकं काढून बघायचे. हे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं असू शकतं, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. सरांनी विचारलं, खडूचं चित्र इतकी वर्षं पुसून जात नाही का. मॅडम म्हणाल्या, कुणी पुसलं नाही तर नाही जात.

मी पानं उलटली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सावकाश. मग म्हणालो, आपल्याकडं अशी नोंद नाही.

हे खरंच होतं. त्या दिवशी मला खोटं बोलावं लागलं नाही. करुणानं कप ट्रेमध्ये ठेवले आणि ती बाहेर गेली.

पुढच्या आठवड्यात चौकशी समिती बसली. तीन प्राध्यापक, आणि लिहून घ्यायला मी. इतिहासाच्या सरांनी आधीचं रजिस्टर मागितलं. मी म्हणालो, ते नियमाप्रमाणं नष्ट झालं. ते माझ्याच कपाटात खालच्या कप्प्यात होतं. इथं मी पहिल्यांदा खोटं बोललो.

मग समितीनं एकेकाला बोलावून विचारलं की चित्र कसं होतं. कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणालं देवीचं होतं, कुणी म्हणालं इंग्रजांच्या राणीचं. शेवटी करुणाला बोलावलं. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. म्हातारी खाली बघते. डोक्याला फडकं बांधलंय, गाठ मागं हाय. डावा कान नुसता रेघेचा, पुरा केल्याला न्हाई. हनुवटीखाली काढणाऱ्याचं बोट घासलंय, तिथं रंग पसरलाय. पापणी जड हाय, जागरण झाल्यासारखी. कागद पांढरा न्हाई, चहा सांडल्यासारखा हाय.

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. इतिहासाचे सर म्हणाले, "बाई, आम्ही वीस वर्षं इथं आहोत, आम्हाला एवढं माहीत नाही. झाडणाऱ्या बाईला एवढं कसं माहीत?"

करुणा म्हणाली, "रोज पुसत व्हते, सर."

"पुसताना माणूस कान बघतं का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी लिहीत होतो. 'पुसताना कान बघतं का' हे वाक्य मी कागदावर उतरवलं आणि पुढची ओळ सोडली, तिच्या उत्तरासाठी. ती ओळ तशीच कोरी राहिली.

अहवाल मीच टाइप केला. खोलीची किल्ली सफाई कामगार श्रीमती करुणा यांच्या ताब्यात होती. वस्तूची त्यांना असलेली बारीक माहिती संशयास्पद वाटते. संस्थेच्या नावासाठी पोलिसांत जाऊ नये, मात्र त्यांना कामावरून कमी करावं. त्या माझ्या पत्नी आहेत म्हणून सरांनी मला आत बोलावून वाईट वाटल्याचं सांगितलं. तुमच्यावर आमचा काही संशय नाही, देविदासराव, तुमचं काम आम्हाला माहीत आहे, असंही म्हणाले. मी आभार मानले.

संध्याकाळी घरी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो. ती काही बोलेल, शिव्या देईल, रडेल, असं मला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "तुमची किती वर्सं राहिली?"

"दोन."

"मंग झालं." ती म्हणाली आणि देठं गोळा करून उठली.

त्यानंतर आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही. सात वर्षं. लोकांनी मात्र सोडलं नाही. कळमनुरी काही मोठं गाव नाही. आठवडी बाजारात एक भाजीवाली तिला म्हणायची, बाई, पिशवी दाखवून जा, कांद्यासंगं माझी तागडीबी जाईल. बाकीच्या बाया हसायच्या. करुणा पिशवी उघडून दाखवायची. पुढं ती बाजाराला जाईनाशी झाली आणि भाजी मी आणायला लागलो. मला कुणी काही म्हणत नव्हतं. मला सगळे नमस्कार करायचे, जयभीम घालायचे, बाबूजी म्हणायचे.

निवृत्तीच्या दिवशी सत्कार झाला. शाल घातली. निष्कलंक सेवा असा शब्द भाषणात दोनदा आला. करुणा आली नव्हती. तिला बोलावलंच नव्हतं, आणि मीही बोलवा असं म्हटलं नाही. घरी येताना मी ते जुनं रजिस्टर पिशवीत घालून आणलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं. कॉलेजातली वस्तू चोरून नेणारा शेवटी मीच.

यात सगळ्यांत वाईट जे झालं ते अजून सांगितलं नाही. आमची एकच मुलगी, पुनम. नांदेडला दिलेली आहे. हे प्रकरण झालं तेव्हा तिच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिच्या सासरची एक बाई आमच्या कॉलेजात नात्यानं कुणाला तरी ओळखत होती. त्या घरात पुनमला काय काय ऐकावं लागलं ते तिनं आम्हाला पूर्ण कधी सांगितलं नाही. चांदीचा चमचा सापडेना तेव्हा सासूनं आधी तिची बॅग बघितली, एवढं मला दुसऱ्याकडून कळलं.

त्या उन्हाळ्यात ती माहेरी आली होती. सकाळची वेळ होती. करुणा भाकरी करत होती, पुनम तिच्यापाशी बसली होती, आणि मी मधल्या दारात पेपर वाचत होतो. पुनम म्हणाली, "आई, माझ्या गळ्याची शपथ. खरं सांग. तू नेलं होतंस का ते चित्र?"

"न्हाई."

"मग कुणी नेलं? किल्ली तुझ्याजवळ होती."

करुणानं तव्यावरची भाकर उलटली. "बाजूला सर, हाताला चटका बसंल."

पुनम उठून बाहेर आली. माझ्याजवळ थांबली. तिला वाटलं असेल, बाबा काही म्हणतील. मी पेपरचं पान उलटलं. हा प्रसंग मला रोज आठवतो. तोंड उघडायला दोन वाक्यं लागली असती. पुनम चार दिवस राहायला आली होती, ती दुसऱ्या दिवशीच गेली. नंतर ती येत राहिली, पण पाहुण्यासारखी. आईशी गोड बोलायची. आईच्या हातात स्वतःची पर्स मात्र देत नव्हती. हे करुणाच्या लक्षात आलं होतं, कारण एकदा पुनमच्या लेकराला घ्यायला तिनं हात पुढं केले तेव्हा पुनमनं आधी खांद्यावरची पर्स दुसऱ्या बाजूला केली, आणि करुणानं हात मागं घेतले.

मागच्या वर्षी करुणाच्या पोटात दुखायला लागलं. नांदेडला दाखवलं तेव्हा आजार पुढं गेलेला होता. पुनमनं शेवटचे दोन महिने तिला स्वतःच्या घरी ठेवून सगळं केलं. न्हाऊ घालणं, औषधं, सगळं. मी तिथंच होतो. बोलायला दोन महिने होते. रोज ठरवायचो आणि रोज वाटायचं, आता आजारपणात कशाला. शेवटी शेवटी करुणा बोलत नव्हती. पण ऐकू येतंय असं डॉक्टर म्हणायचे.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं जेवून गेली, तेव्हा पुनम माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, आईनं एकदा कबूल केलं असतं ना, तर मी केव्हाच माफ केलं असतं. तिनं शेवटपर्यंत खोटंच सांगितलं, याचं मला जास्त लागतं."

मी म्हणालो, "जाऊ दे आता."

हे मी म्हणालो. दुसरं काही नाही.

त्यानंतर आठ महिन्यांनी साक्षी मॅडमचा फोन आला. नंबर त्यांना कॉलेजातून मिळाला. ते चित्र सापडलं होतं. कुणा भंगारवाल्याकडून, म्हणजे किसनसिंगकडून, नांदेडच्या जुन्या फर्निचरवाल्याकडं, तिथून हैदराबादच्या एका घरात, आणि त्या घरच्यांनी आता ते तिथल्या संग्रहालयाला दिलं होतं. मॅडम तिथंच नोकरीला होत्या आणि चित्राचा मागचा इतिहास लिहून काढत होत्या. कॉलेजनं त्यांना चौकशीचा अहवाल पाठवला होता. त्यांनी मला त्यातली वाक्यं वाचून दाखवली. माझीच वाक्यं. मग म्हणाल्या, "यात त्या करुणाबाईंचं नाव आहे. नोंदीत मला लिहावं लागेल की चित्र त्यांच्याकडून गेलं असावं. त्याआधी त्यांचं म्हणणं घ्यायचं आहे. त्यांचा पत्ता आहे का?"

"त्या वारल्या."

"अरेरे. तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"व्हय," मी म्हणालो. "माझी बायको."

मी म्हणालो, काही लिहू नका, मी येतो.

ट्रंकेतलं रजिस्टर घेतलं, नांदेडला गेलो आणि तिथून रेल्वेनं हैदराबादला. मॅडमनी मला आतल्या एका खोलीत नेलं. चित्र टेबलावर ठेवलेलं होतं, फ्रेममधून काढलेलं. त्यांनी मला हात मागं बांधून बघायला सांगितलं.

तीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या खोलीत बसलो होतो आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा बघितलं. करुणानं उभ्याउभ्या सांगितलं होतं तसंच सगळं होतं. तिनं न सांगितलेलंही एक होतं. म्हातारीचं तोंड जरासं उघडं होतं, काही बोलायच्या बेतात असल्यासारखं. करुणाला ते दिसलं नसेल असं नाही. समितीपुढं तिनं ते का सांगितलं नाही, कोण जाणे.

मॅडम म्हणाल्या की चित्रकाराचं नाव लागलेलं नाही, पण हात मोठ्या माणसाचा आहे. मला त्यातलं कळत नाही. मी पिशवीतून रजिस्टर काढलं, रेघ मारलेली ओळ दाखवली आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. डोकं छापाची गोष्ट सांगितली. त्या हसतील असं वाटलं, त्या हसल्या नाहीत. मग व्हरांड्यातलं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"तिनंच सांगितलं होतं. खडूत बघा म्हणून."

"आणि चौकशीच्या वेळी तुम्ही तिथं होतात?"

"लिहून घेत होतो."

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. मग विचारलं की तुम्ही का नाही बोललात. मी वाटेत या प्रश्नाची बरीच उत्तरं जुळवली होती. नोकरी, पेन्शन, आमच्या लोकांना नावं ठेवतात. त्यातलं एकही तिथं बोलवेना. मी म्हणालो, "रजिस्टर माझं होतं."

त्यांनी कागद दिला. मी सगळं लिहून दिलं, तारखेसह, खाली पूर्ण सही केली. माझं अक्षर आता थोडं हलतं. त्या म्हणाल्या की नोंदीत आता चोरी असा शब्द येणार नाही, कॉलेजच्या चुकीनं भंगारात गेलं असं येईल. मी म्हणालो, कॉलेजच्या नाही, लिपिकाच्या लिहा. त्यांनी तसं लिहिलं. करुणाचं वर्णन त्यांनी अहवालातून उतरवून घेतलं, कारण चित्र तेरा वर्षांपूर्वी कसं होतं याची दुसरी कसलीही नोंद नाही. उजव्या कोपऱ्यात आता एक डाग आहे, तो तिच्या वर्णनात नाही, म्हणजे तो नंतरचा.

परत आल्यावर मी कॉलेजात गेलो. विजयकुमार सर केव्हाच निवृत्त झाले. नव्या प्राचार्यांना मी जुनं रजिस्टर आणि माझ्या पत्राची प्रत दिली. त्यांनी उभं राहून ती वाचली. म्हणाले, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय करायचं, काका, त्या बाई तर राहिल्या नाहीत. मी म्हणालो, फाइलला लावा. त्यांनी शिपायाला बोलावून फाइलला लावायला सांगितलं. मी ती लावेपर्यंत थांबलो. पोच मागितली, ती त्यांनी दिली. बाजारातल्या भाजीवालीलाही मी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, कोणती बाई, मला काही आठवत नाही, मेथी घेता का.

असं सगळ्यांना सांगून झालं. साक्षी मॅडमना सांगितलं, कॉलेजला सांगितलं, परक्या बाजाराला सांगितलं. त्यांना सांगणं जमलं, कारण त्यांचं काही गेलं नव्हतं.

पुनम दर रविवारी फोन करते. जेवण, औषध, गुडघा, सगळं विचारते. तिचा माझ्यावर फार जीव आहे. आई गेल्यापासून जास्तच. मागच्या रविवारी म्हणाली, बाबा, तुम्ही हैदराबादला गेला होता असं शेजारच्या काकू सांगत होत्या, कशाला गेला होता एवढ्या लांब. मी म्हणालो, डोळे दाखवायला. मग तिनं विचारलं, चष्म्याचा नंबर वाढला का. मी म्हणालो, थोडा.

पुनमला मी अजून काही सांगितलेलं नाही.